वारली चित्राची फ्रेम कशी करून घ्यावी? मदत हवी आहे

आईने डहाणूकडून आणलेलं कापडावरचं वारली चित्र आहे, साधारण २२ बाय ३० इंच. शेण-गेरूचा थर, वर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघा. तारपा वाद्याभोवतीच्या नाचाच्या फेऱ्यातल्या दोन बायकांचे पाय पापुद्रे सुटून पुसट झालेत, बघून जीव तुटतो.

फ्रेमवाला म्हणतो, प्लायवर गोंदाने चिकटवून वर काच लावू. मला अजिबात पटत नाही. पुन्हा सोडवता येणार नाही, आणि काच चित्राला टेकली की पावसाळ्यात बुरशी धरते.

अ‍ॅसिड-फ्री माउंटबोर्डवर (चित्रामागचा आम्ल नसलेला जाड पुठ्ठा) कडा सुईदोऱ्याने टाचून, काच पाव इंच उचलून कुणी करून घेतलंय का? चौकट सागाची चालेल ना? चित्राच्या ओबडधोबड कडा मात्र मला झाकायच्या नाहीत. ठाणे-कल्याणकडे हलक्या हाताचा कारागीर माहीत असेल तर नक्की सांगा.