मदत हवी आहे: लेकीचा कम्युनिटी लीडरशिप स्कॉलरशिपचा अर्ज, निबंध आणि शिफारसपत्र (तातडीचं)

मोगरी_२
लेक सिनिअर इयरला (बारावीला) आहे. इथल्या कम्युनिटी फाउंडेशनची लीडरशिप स्कॉलरशिप आहे, तिचा अर्ज भरतोय. निबंध ५०० शब्दांचा, विषय ‘तुमच्या समाजात तुम्ही केलेलं नेतृत्व’. तिचं ३०० तासांचं व्हॉलंटिअरिंग आहे, रोबोटिक्स आहे, भरतनाट्यम आहे, मंडळाचे कार्यक्रम आहेत. ५०० शब्दांत काही केल्या बसत नाही. काय गाळू?
शिवाय ‘समाजातील प्रौढ व्यक्तीचं’ एक पत्र हवंय. मंडळाच्या अध्यक्षांचं पत्र तयार आहे, चालेल ना?
अशाच आणखी स्कॉलरशिपची यादी असेल तर द्या. वेळ कमी आहे. कृपया ‘गूगल करा’ नको, ते करून झालंय.

नीरक्षीर
डेडलाइन कधी? अर्ज पोर्टलवर की कागदी? मुलीचं इमिग्रेशन स्टेटस काय? अटींमध्ये आर्थिक गरज विचारली आहे का? हे कळल्याशिवाय दिलेलं उत्तर अंदाजपंचे असेल.

वडाची_पारंबी
बारावीनंतर शिष्यवृत्ती हवी असेल तर महाडीबीटी पोर्टलवर नोंदणी करा. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, मागच्या वर्षाची गुणपत्रिका आणि आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं. खातं जोडलेलं नसेल तर मंजूर रक्कमसुद्धा अडकते, ते आधी बघून घ्या.

मोगरी_२
पारंबी, आम्ही ओहायोत आहोत हो. अमेरिकेतल्या हायस्कूलबद्दल विचारतेय.
नीरक्षीर, डेडलाइन पुढचा शुक्रवार. पोर्टल आहे. एच-४ (डिपेंडंट) व्हिसा. पण स्टेटसचा इथे काय संबंध? सरकारी स्कॉलरशिप थोडीच आहे!

नीरक्षीर
संबंध आहे, आणि तो निबंधाच्या आधी येतो. खासगी संस्था स्वतःच्या अटी स्वतः घालतात. कोका-कोला स्कॉलर्समध्ये दरवर्षी १५० मुलांना प्रत्येकी २०,००० डॉलर मिळतात, पण नागरिक, ग्रीनकार्डधारक, निर्वासित अशा ठरावीक गटांनाच अर्ज करता येतो. एच-४ त्यात बसत नाही. एल्क्स या संस्थेची ‘मोस्ट व्हॅल्युएबल स्टुडंट’ ही ५०० मुलांना चार वर्षांसाठी असते आणि तिला नागरिकत्वच लागतं, ग्रीनकार्डही चालत नाही.
कम्युनिटी फाउंडेशनचं गणित वेगळं. त्यांच्याकडे एका अर्जामागे वेगवेगळ्या देणगीदारांचे कितीतरी फंड असतात आणि प्रत्येक फंडाच्या अटी निराळ्या. कुठे ‘काउंटीत राहणारा’ एवढंच, कुठे ‘अमुक शाळेतून ग्रॅज्युएट होणारा’, कुठे ‘नागरिक’. आज फोन करून एकच विचारा: एच-४ वरची मुलगी या फंडाला पात्र आहे का? उत्तर इमेलवर मागून घ्या.
आणि अर्जात नागरिकत्वाचा प्रश्न असेल तर ‘सिटिझन’च्या चौकटीत खूण अजिबात नको. ‘इतर’ निवडा, पर्याय नसेल तर त्यांना विचारा. नागरिकत्वाचा खोटा दावा पुढे ग्रीनकार्डाच्या वेळी भोवू शकतो.

तासिका
३०० तास म्हणजे उत्तम आहे. पण सह्यांचा कागद आहे का? तारीख, किती ते किती, काम काय, देखरेख करणाऱ्याचं नाव, सही, फोन. संस्थेच्या लेटरहेडवर एकूण तासांचं पत्र असेल तर आणखी चांगलं. तासांना पुरावा नसेल तर समिती ते धरत नाही. निबंधात पहिल्याच वाक्यात ३०० चा आकडा टाका.

कोरडवाहू
तासिका, इथे असहमत. तास म्हणजे सेवा. नेतृत्व ही वेगळी गोष्ट आणि समितीच्या गुण द्यायच्या तक्त्यात तिचा रकाना वेगळा असतो. फूड बँकेत ३०० तास डबे लावणारी मुलगी मेहनती ठरते, पण ती नसती तर दुसरं कुणीतरी डबे लावले असते. समिती शोधते ते असं: या मुलीने काय ठरवलं, कुणाला सोबत घेतलं, ती नसती तर काय झालंच नसतं. ईगल स्काउटच्या (स्काउटमधल्या सर्वोच्च पदाच्या) प्रोजेक्टमध्येही हीच अट असते, मुलाने नुसतं राबायचं नाही, इतरांकडून काम करवून घ्यायचं.
पहिल्या वाक्यात आकडा टाकलात की तो निबंध उरलेल्या गठ्ठ्यासारखाच वाचला जाईल.

तासिका
पुरावा नसेल तर ‘मी ठरवलं’ला तरी काय अर्थ? कुणीही लिहील.

कोरडवाहू
पुरावा शिफारसपत्रातून येतो. म्हणून तर ते मागतात. तासांचा कागद जोडा, नको म्हणत नाही, पण तो जोडपत्रात. निबंधात नको.

नीरक्षीर
पत्राचं निघालंच आहे तर, मोगरी, हे अध्यक्ष मुलीला कसे ओळखतात?

मोगरी_२
मिस्टरच आहेत. पण पत्र मंडळाच्या लेटरहेडवर आहे आणि सही सेक्रेटरींची घेता येईल.

शेवंता_पाटी
😀

नीरक्षीर
अहो ताई, नाही चालणार. ‘नातेवाईक नसावा’ ही अट जवळजवळ सगळीकडे असते, आणि लिहिलेली नसली तरी आडनाव जुळलं की पत्राचे गुण शून्य. सेक्रेटरींनी सही करायची तर पत्रही सेक्रेटरींनीच लिहायला हवं, आणि त्यांनी तिचं काम डोळ्यांनी पाहिलेलं हवं.
ज्याच्या हाताखाली किंवा ज्याच्यासोबत तिने काम केलं, त्याचं पत्र सगळ्यांत वजनदार. मोठ्या पदावरच्या माणसाने ‘ही गुणी मुलगी आहे’ असं लिहिण्यापेक्षा फूड बँकेच्या व्हॉलंटिअर कोऑर्डिनेटरने एक प्रसंग लिहिलेला बरा. शाळेच्या काउन्सिलरचं कॉमन ॲपचं (कॉलेज प्रवेशाच्या सामाईक अर्जाचं) पत्र वापरू म्हणाल तर ते तुमच्या हातात येणार नाही. मुलीने ते वाचण्याचा हक्क सोडलेला असतो, त्यामुळे ते काउन्सिलरलाच परस्पर पाठवावं लागेल.
ज्याला विचाराल त्याला एक पानी टिपण द्या. त्यात स्कॉलरशिपचं नाव, डेडलाइन, निकष त्यांच्याच शब्दांत, पत्र कुठे चढवायचं आणि त्या माणसाने स्वतः पाहिलेले दोन-तीन प्रसंग. एरवी दोन-तीन आठवडे द्यावेत. तुमच्याकडे तेवढे नाहीत, म्हणून इमेल न करता मुलीने स्वतः जाऊन किंवा फोनवर विचारावं. तुम्ही नको, मुलीने.

मोगरी_२
बरं. फूड बँकेत दर महिन्याला माणसं बदलतात, तिथे कुणी तिला नीट ओळखत नाही. लायब्ररीतल्या बाई चांगलं ओळखतात. तिने तिथे लहान मुलांना वाचून दाखवायचं काहीतरी सुरू केलं होतं. पण ते अगदी छोटं आहे, म्हणून अर्जात घातलं नाही.

कोरडवाहू
तेच घाला!! बाकी सगळं गाळा. कसं सुरू झालं, किती मुलं, कोण कोण मदतीला, आत्ता चालू आहे का?

मोगरी_२
शनिवारी सकाळी. आधी ही आणि एक मैत्रीण, आता ११ हायस्कूलची मुलं आळीपाळीने येतात. २०-२५ लहान मुलं. पहिल्या वर्षी मोठी मुलं ऐनवेळी दांडी मारायची, म्हणून तिने जोड्या लावल्या आणि एक राखीव यादी केली. दहावीतली एक मुलगी पुढच्या वर्षी चालवणार आहे.

कोरडवाहू
ताई, तुम्ही निबंध लिहूनच टाकलात की. लोक रोबोटिक्सची पदकं मोजत बसतात आणि असलं सोनं ‘छोटं आहे’ म्हणून बाहेर ठेवतात.
आता शब्दांची वाटणी. सुरुवातीला जास्तीत जास्त ६०-७० शब्दांत तिथे काय अडत होतं ते. मग सुमारे २०० शब्द तिने काय ठरवलं आणि कुणाला कसं पटवलं यावर, त्यात लायब्ररीकडून खोली कशी मिळवली हेही. दांड्यांचा भाग दीडशे शब्द घ्या, तो अजिबात लपवू नका. काय फसलं आणि तिने काय बदललं, याला समित्या नेतृत्व म्हणतात. उरलेल्या शब्दांत उपक्रम पुढे कोणाकडे आणि कसा सोपवला. मागे कुणीतरी तयार उभं आहे, हे फार थोड्या अर्जांत सापडतं.
रोबोटिक्स, नृत्य, फूड बँक ॲक्टिव्हिटीजच्या रकान्यात जाऊ देत, तिथे ते दिसतंच. निबंधात पुन्हा नको.
आणि भाषा तिचीच राहू द्या. ‘समाजाप्रति उत्तरदायित्वाची जाणीव’ वगैरे १७ वर्षांची मुलगी म्हणत नाही, वाचणाऱ्याला पालक लगेच दिसतात. काही अर्जांत एआय वापरलं नसल्याचं लिहून घेतात, तेही बघा.

तासिका
उपक्रम चांगला आहे, मान्य. पण लायब्ररीकडून ‘अमुक महिन्यापासून दर शनिवारी’ असं लेखी घ्याच. पत्रात तारखा आल्या की निबंधातल्या तारखांशी जुळायला हव्यात. निबंधात ‘दोन वर्षं’ आणि पत्रात ‘गेल्या वर्षापासून’ असं झालं की शंका येते.

कोरडवाहू
हे मात्र शंभर टक्के बरोबर.

अर्धा_डॉलर
एवढा खटाटोप करण्याआधी हे वाचा. बाहेरची स्कॉलरशिप आणली की कॉलेज स्वतःची मदत तेवढीच कापतं. मुलगी राबणार आणि पैसे कॉलेजचे वाचणार. त्यापेक्षा ५२९ खात्यात (शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात) नीट पैसे टाका. स्कॉलरशिप मिळाली तर तेवढी रक्कम ५२९ मधून १० टक्के दंडाशिवाय काढता येते, नफ्यावरचा कर मात्र भरावा लागतो.

नीरक्षीर
५२९ बद्दल कुणी विचारलं?
आणि ‘कॉलेज कापतं’ हे अर्धसत्य आहे. कात्री लागते ती गरजेवर आधारलेल्या मदतीला. एच-४ वर फेडरल मदत मिळतच नाही, त्यामुळे कॉलेजने स्वतःच्या पैशातून गरजेवर काही दिलं असेल तरच हा प्रश्न येतो. निव्वळ मेरिटची रक्कम असेल तर बऱ्याच ठिकाणी बाहेरची रक्कम तिच्यावर जमा होते, एकूण मदत कॉस्ट ऑफ अटेंडन्सच्या (कॉलेजने धरलेल्या वर्षाच्या एकूण खर्चाच्या) वर जात नाही तोपर्यंत. फायनान्शियल एड ऑफिसला विचारायचा प्रश्न एकच: बाहेरची स्कॉलरशिप आली तर आधी काय कमी करता, कर्ज, वर्क-स्टडी (कॉलेजमधलं अर्धवेळ काम) की ग्रँट (परत न करायची मदत)? मेरीलँडने २०१७ मध्ये सरकारी कॉलेजांच्या या कापाकापीवर कायद्याने बंधन आणलं, नंतर आणखी काही राज्यांनी. सगळीकडे मात्र तसं नाही.

अर्धा_डॉलर
आणि कर? तो सांगा की.

नीरक्षीर
ट्यूशन, फी आणि कोर्सला सक्तीची असलेली पुस्तकं यांवर खर्च झालेली रक्कम करमुक्त. राहण्या-जेवणावर गेलेली रक्कम करपात्र. चेक बहुधा थेट कॉलेजच्या नावाने निघतो, अर्धा फॉलमध्ये, अर्धा स्प्रिंगमध्ये, आणि पूर्णवेळ म्हणजे साधारण १२ क्रेडिट्सची अट असते. सेमिस्टरच्या मध्ये एखादा कोर्स सोडून ती १२ च्या खाली गेली तर पुढचा हप्ता थांबू शकतो. गॅप इयर घ्यायचा विचार असेल तर आत्ताच विचारून ठेवा, सगळे फंड रक्कम पुढे ढकलत नाहीत.

मोगरी_२
कर नंतर बघू हो. यादीचं काय? कुणीच बोलत नाहीये.

शेवंता_पाटी
मार्च आहे ताई. मोठ्या राष्ट्रीय स्कॉलरशिपचा हंगाम सिनिअर इयरच्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्येच आटपतो. कोका-कोला सप्टेंबरअखेर बंद, एल्क्स नोव्हेंबरमध्ये. यूएनसी चॅपल हिल या विद्यापीठाच्या मोरहेड-केन स्कॉलरशिपला नागरिकत्वाची अट नाही, पण तीही फॉलमध्येच संपते. धाकटं भावंड असेल तर तारखा लिहून ठेवा.
आता उरलं ते स्थानिक, आणि तिथेच संधी जास्त, कारण अर्ज मोजके येतात. शाळेच्या काउन्सिलिंग पानावरची यादी (शाळा नॅव्हिअन्स किंवा स्कॉयर ही कॉलेज-प्रवेशाची साइट वापरत असेल तर त्यातली), रोटरी, लायन्स, किवानिस, पीटीए, तुमची क्रेडिट युनियन, तुमच्या दोघांच्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठीच्या योजना. ५०० ते २,००० डॉलरच्या असतात, त्या सोडू नका. निबंध तोच, फक्त विचारलेल्या प्रश्नाप्रमाणे सुरुवात आणि शेवट बदला. मागच्या संस्थेचं नाव निबंधात राहिलेलं नाही ना, तेवढं दोनदा बघा. हे नेहमी राहतं.
अर्जासाठी फी मागणारी कुठलीही स्कॉलरशिप असो, तिच्या वाटेला जाऊ नका. स्कॉलरशिप शोधणाऱ्या साइटसाठी वेगळा इमेल उघडा, नाहीतर वर्षभर जाहिराती.

मोगरी_२
लायब्ररीतल्या बाई हो म्हणाल्या. फाउंडेशनचंही उत्तर आलं, एच-४ चालतं, त्या फंडाला फक्त काउंटीत राहण्याची अट आहे. पण फॉर्मवर सोशल सिक्युरिटी नंबर मागितलाय, तो तिला नाही. आणि आर्थिक माहितीत फाफसाचा (फेडरल मदतीच्या अर्जाचा) एसएआय आकडा, म्हणजे कुटुंबाच्या ऐपतीचा अंदाज, मागितलाय, तोही नाही. ट्रान्स्क्रिप्ट (शाळेचं गुणपत्रक) ‘ऑफिशियल’ हवंय.

नीरक्षीर
तिन्ही प्रश्न एकाच इमेलमध्ये त्यांनाच विचारा. नंबरचा रकाना रिकामा ठेवता येतो का, की आयटीआयएन (करासाठीचा नंबर) चालेल? काहीतरी आकडे भरून पुढे जाऊ नका. एसएआयऐवजी बरेच जण १०४० ची (इन्कम टॅक्स रिटर्नची) पहिली दोन पानं घेतात. कॉलेजसाठी सीएसएस प्रोफाइल (कॉलेजच्या स्वतःच्या मदतीसाठीचा आर्थिक अर्ज) भरलं असेल तर तेही सांगा.
ट्रान्स्क्रिप्ट आजच मागवा. तुमच्या शाळेची स्प्रिंग ब्रेक कधी आहे?

मोगरी_२
अरे देवा. सोमवारपासून.

शेवंता_पाटी
मग उद्या दुपारच्या आत रजिस्ट्रारला गाठा. शाळा पार्चमेंट (ट्रान्स्क्रिप्ट पाठवायची साइट) वापरत असेल तर मुलीच्या खात्यातून मागणी करता येते, पण कित्येक शाळांत ती पुढे सोडायला माणूसच लागतो आणि सुटीत तो नसतो. शाळा बंदच झाली तर डिस्ट्रिक्ट ऑफिस उघडं असू शकतं, तिथे फोन करा. पहिल्या सेमिस्टरचे ग्रेड आलेलं ट्रान्स्क्रिप्ट आहे ना ते बघून घ्या. पालकांच्या पोर्टलचा स्क्रीनशॉट लावू नका. त्यावर बहुतेक वेळा शाळेचं नावही नसतं.
तरीही वेळेत मिळालं नाही तर फाउंडेशनला आधी कळवा की अर्ज वेळेत येतोय, ट्रान्स्क्रिप्ट शाळेकडून सुटीनंतर येईल. डेडलाइननंतर कळवून उपयोग नसतो.

कोरडवाहू
निबंध पोर्टलमध्ये टाकताना आधी साध्या टेक्स्टमध्ये चिकटवा. काही पोर्टल शब्द न मोजता अक्षरं मोजतात, स्पेस धरून, आणि जास्तीचं शेपूट गुपचूप कापतात. प्रीव्ह्यूमध्ये शेवटचं वाक्य पूर्ण दिसतंय का पाहा. डेडलाइन रात्री ११:५९ आहे की संध्याकाळी ५, हेही वाचा. स्थानिक संस्थांची बऱ्याचदा ५ असते.

मोगरी_२
५ च आहे!! मी ११:५९ धरून चालले होते. लायब्ररीतल्या बाईंना पोर्टलची लिंक सगळा अर्ज भरून झाल्यावर जाते की आधी?

नीरक्षीर
बहुतेक पोर्टलमध्ये त्यांचा इमेल भरून ‘रिक्वेस्ट’ दाबलं की लगेच जाते, अर्ज अपुरा असला तरी. आज रात्रीच दाबा आणि उद्या मुलीला त्यांना विचारू दे, मेल स्पॅममध्ये तर गेला नाही ना.