दोन डिझाइनपैकी वापरायला सोपं कुठलं, हे मोजायचं कसं?

कोरीपाटी:
नमस्कार मंडळी, एका पतसंस्थेच्या पिग्मी एजंटसाठी अ‍ॅप करतोय, ते दुकानोदुकानी फिरून रोजचे पैसे गोळा करतात ना, त्यांच्यासाठी. दोन डिझाइन तयार आहेत, ऑफिसात सगळ्यांना दुसरं आवडलंय, पण साहेबांना आकडा पाहिजे. कुणी केलंय का असं?

खटपट्या:
एसयूएस करा, म्हणजे सिस्टिम युजेबिलिटी स्केल, अ‍ॅप वापरून झालं की वापरणाऱ्याकडून भरून घ्यायचा फॉर्म. जॉन ब्रूकने १९८६ मध्ये बनवलेलं, अजून चालतंय. १० वाक्यं, प्रत्येकाला १ (अजिबात पटत नाही) ते ५ (पूर्ण पटतं). विषम नंबरच्या उत्तरातून १ वजा, सम नंबरचं उत्तर ५ मधून वजा, सगळ्याची बेरीज गुणिले २.५, की ० ते १०० मध्ये स्कोअर. फक्त ते टक्के नव्हेत बरं का, सरासरीच ६८ च्या आसपास धरतात, त्यामुळे ७० आले म्हणून डिस्टिंक्शनच्या जवळ गेलो असं समजू नका.

माईसावंतवाडी:
एसयूएस ठीक, पण आपल्याकडे लोक भिडेखातर मार्क देतात, त्यात सम नंबरची वाक्यं उलट अर्थाची, घाईत तिथेही ५ वर टिक. शेजारी बसून बघा हो. काम पूर्ण झालं का, किती वेळ लागला, कुठे चुकलं, हे लिहून घ्या. मी असंच एक अ‍ॅप तपासत होते, एजंट काकूंनी खातं शोधलं, २०० रुपये टाकले आणि हात थांबला. खाली बटण होतं 'जमा करा'. म्हणाल्या, "अगं, पैसे अजून माझ्या पिशवीत आहेत, संध्याकाळी ऑफिसात भरणार, आत्ताच जमा कसे करू?" आम्ही सबमिटचं मराठी करून मोकळे झालो होतो! 'पावती करा' लिहिलं तेव्हा पुढच्या बाई न थांबता गेल्या. आणि काकूंनी फॉर्मवर मार्क मात्र भरभरून दिलेले.

कोरीपाटी:
बापरे, आमच्या दोन्ही डिझाइनमध्ये 'जमा करा' आहे. किती जण बसवू?

खटपट्या:
चुका शोधायला एका फेरीला ५ पुरतात, पण दोन डिझाइनची तुलना आकड्यात करायची तर २० तरी घ्या. निम्म्यांना आधी पहिलं द्या, निम्म्यांना दुसरं, नाहीतर सराव झाल्यामुळे नंतरचं सोपं वाटतं.

माईसावंतवाडी:
आणि एसीत नको, दुकानाबाहेर उन्हात, एका हातात पिशवी असताना.