दारात आलेला उमेदवार आणि मुलांची पुस्तकं

तोरण
शनिवारी सकाळी पोह्यांचा कांदा परतत होते तेवढ्यात बेल वाजली. दारात साठीपुढचे एक गृहस्थ, हातात पत्रकांचा गठ्ठा. टेक्सासच्या राज्य शिक्षण मंडळासाठी उभे आहेत, रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मागतायत. दाराशी चपलांची रांग दिसली तसे बूट काढायला वाकले, मीच नको म्हटलं. मुलं किती, कितवीत, घरी कोणती भाषा बोलता, सगळी चौकशी केली. माणूस इतका साधा की बशीभर पोहे पुढे करावेसे वाटले.

ते गेल्यावर पत्रक वाचलं. अमेरिकेचा पाया ख्रिस्ती आहे हे इतिहासात ठसठशीत यावं, बायबल वर्गात परत यावं, उत्क्रांती ‘अनेक मतांपैकी एक’ म्हणून शिकवावी. त्याखाली: तिसरीपर्यंत वाचन पक्कं, पाढे पाठ, वर्गात फोन बंद. खालचा अर्धा कागद मला पटला, वरचा अजिबात नाही. नवरा म्हणतो, "पाढ्यांबद्दल बोलणारा पहिला उमेदवार भेटलाय, दे मत."

भारतातल्यांसाठी: या मंडळावर १५ जण थेट निवडून जातात, मुदत चार वर्षं, पगार शून्य. एकेका मतदारसंघात सुमारे १९ लाख माणसं, म्हणजे इथल्या खासदाराच्या मतदारसंघाच्या अडीचपट. आणि आपला सदस्य कोण हे आमच्या गल्लीत एकालाही सांगता येत नाही. पण कुठल्या इयत्तेत काय शिकवायचं हे तेच ठरवतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘ब्लूबॉनेट’ नावाचा प्राथमिक शाळेचा वाचनपाठ त्यांनी ८ विरुद्ध ७ मतांनी मंजूर केला. त्यात बायबलमधल्या बऱ्याच गोष्टी आहेत. घ्यायची सक्ती नाही, पण घेतला तर शाळा-जिल्ह्याला (म्हणजे गावच्या शाळा चालवणाऱ्या संस्थेला) दर मुलामागे ६० डॉलरपर्यंत जास्त मिळतात. ज्या शाळेचं छप्पर गळतंय ती काय करेल?

इथे मतदार पक्षाच्या नावानं नोंदलेला नसतो. प्राथमिक फेरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, कुठल्याही एका पक्षाची मतपत्रिका मागता येते. आमच्या भागात नोव्हेंबरचा निकाल मार्चमध्येच लागतो, कारण रिपब्लिकन उमेदवारी मिळाली की झालं. तेव्हा मी त्यांचीच पत्रिका मागून या गृहस्थांच्या विरोधात मत द्यावं का? नवरा म्हणतो ही लबाडी आहे.

बाराखडी मास्तर
मुळात शिक्षणाचं मंडळ निवडणुकीनं का भरावं? मी ३१ वर्षं सातारा जिल्ह्यात शिकवलं. आमच्याकडे १९६७ पासून बालभारती आहे. विषयाच्या समित्या असतात, शिक्षक असतात, प्राध्यापक असतात. चुका होतात, पण मत मागायला कोणी दारोदार फिरत नाही.

ह्यूस्टनचा नाना
मास्तर, नमस्कार. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती गेली. ती कुठल्या निवडून आलेल्या पाद्र्यानं काढली? तुमच्या त्या तज्ज्ञ समित्यांच्याच राज्यात गेली ना? आणि काढणाऱ्याला तुम्ही कुठे गाठणार? इथे निदान चार वर्षांनी त्याला घरी बसवता येतं.

तोरणवहिनी, मी २२ वर्षं इथे आहे आणि त्या गृहस्थांना मत देईन. कारणं सांगतो. एक, पत्रकावर सगळं उघड लिहिलंय, काही लपवलेलं नाही. दोन, बायबल शाळेत आणणं बेकायदा आहे हा गैरसमज. १९६३ च्या शेंप खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं वर्गात भक्तिभावानं बायबल वाचणं बंद केलं, पण त्याच निकालात वाङ्मय किंवा इतिहास म्हणून त्याचा अभ्यास चालेल असंही म्हटलं. तीन, तज्ज्ञ म्हणजे देव नव्हेत. लाँगव्ह्यूचं गेब्लर दांपत्य १९६० च्या दशकापासून घरी बसून पाठ्यपुस्तकं ओळ न् ओळ तपासायचं. कट्टर सनातनी जोडपं. पुढे त्यांनी इतिहासाच्या पुस्तकांतल्या शेकडो ढोबळ चुका काढल्या आणि प्रकाशकांना दंड झाला. त्या चुका प्राध्यापकांच्या नजरेतून सुटल्या होत्या.

तिरपी रेघ
नाना, तुमच्या गेब्लरांनी चुका काढल्या हे खरं. पण उत्क्रांतीच्या धड्यांवर आयुष्यभर हल्ला चढवला तोही त्यांनीच. तो भाग सोयीनं विसरलात.

अक्कलदाढ
मी नगरचा, धंद्यानं दातांचा डॉक्टर. त्यामुळे ही कथा मला जिव्हाळ्याची आहे, थोडी लाजेचीही.

डॉन मॅकलरॉय. टेक्सासातल्या ब्रायन गावचे दंतवैद्य, रविवारी चर्चमध्ये मुलांना बायबल शिकवणारे. पृथ्वीचं वय काही हजार वर्षं यावर श्रद्धा. १९९८ मध्ये मंडळावर निवडून आले, २००७ मध्ये गव्हर्नर रिक पेरींनी त्यांना अध्यक्ष केलं. २००९ मध्ये विज्ञानाचा अभ्यासक्रम ठरत असताना भर सभेत म्हणाले, तज्ज्ञांसमोर कुणीतरी उभं राहायलाच हवं. हे वाक्य त्यांना कायमचं चिकटलं. मला मात्र ते वाक्य तितकंसं वाईट वाटत नाही. माझ्याच क्षेत्रातल्या तज्ज्ञांसमोर उभं राहावंसं मलाही पुष्कळदा वाटतं. फरक एवढाच की उभं राहण्याआधी मी क्ष-किरणाचा फोटो बघतो.

त्या वर्षी त्यांच्या नेमणुकीला राज्याच्या सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं मिळाली नाहीत आणि अध्यक्षपद गेलं. सदस्यत्व राहिलं. मे २०१० मध्ये समाजशास्त्राचा नवा अभ्यासक्रम ९ विरुद्ध ५ नं मंजूर झाला, राज्यघटनेवर बायबलमधल्या मोशेचा प्रभाव वगैरे त्यात आलं. दुसऱ्याच वर्षी फोर्डहॅम या परंपरावादी संस्थेनं त्या इतिहासाला ‘ड’ श्रेणी दिली. डाव्यांनी नव्हे, घरच्यांनीच.

आता तोरणताईंच्या प्रश्नाकडे. मार्च २०१० च्या प्राथमिक फेरीत मॅकलरॉय हरले. थॉमस रॅटलिफ नावाच्या मवाळ रिपब्लिकनानं एक टक्क्याहूनही कमी फरकानं पाडलं. म्हणजे तुम्ही म्हणताय त्या दारातूनच हे घडलं. लबाडी कसली?

ह्यूस्टनचा नाना
डॉक्टर, माहिती बिनचूक. पण मॅकलरॉयनी हार मानली, कोर्टकचेरी केली नाही. माणूस सरळ होता हे त्यांचे विरोधकही सांगतात.

अक्कलदाढ
सरळ होते, मान्य. माझ्या दवाखान्यात येणारे बरेच सरळ लोक लवंग ठेवून दाढ बरी होते असंही मानतात.

जुना चष्मा
एक दुरुस्ती, एक भर. दुरुस्ती: आता जो तो टेक्सासच्या वर्गांतल्या, बायबलमधल्या दहा आज्ञांच्या फलकांबद्दल या मंडळाला बोल लावतो. तो २०२५ चा कायदा विधिमंडळाचा आहे, मंडळाचा नाही. शिवाय २०११ पासून शाळा-जिल्ह्यांना मंडळाच्या यादीबाहेरची पुस्तकंही घेता येतात. टेक्सास म्हणेल तसं पुस्तक छापून प्रकाशक तेच इतर राज्यांत खपवायचे, ते दिवस बरेचसे सरले.

भर: कॅन्सस राज्य बघा, नुसता झोपाळा. १९९९ मध्ये तिथल्या मंडळानं ६-४ नं उत्क्रांतीला कात्री लावली. लोकांनी पुढच्या निवडणुकीत माणसं बदलली, २००१ मध्ये उत्क्रांती परत. २००५ मध्ये पुन्हा ६-४, अध्यक्ष जनावरांचे डॉक्टर. पुन्हा माणसं बदलली, २००७ मध्ये पुन्हा ६-४, उलट बाजूनं. १९९९ मध्ये पहिलीत गेलेलं पोर बारावीत पोचेपर्यंत विज्ञानाची व्याख्याच तीनदा बदलली. नाना म्हणतात चार वर्षांनी घरी बसवता येतं. खरंय. पण त्या चार वर्षांत आठवीत असलेल्या मुलाला परत आठवीत कोण बसवणार?

बाराखडी मास्तर
शेवटच्या वाक्याला माझ्यातर्फे पेढा.

किनारपट्टी
मी वसईचा, कॅथलिक. इतका वेळ वाचत होतो. सगळे ‘बायबल शाळेत’ असं म्हणतायत, जणू ती एकच वस्तू आहे. कुणाचं बायबल?

१८४४ मध्ये फिलाडेल्फियात याच प्रश्नावरून दंगली पेटल्या. सरकारी शाळांत प्रोटेस्टंटांचं किंग जेम्स बायबल वाचलं जायचं. आयरिश कॅथलिकांनी आमच्या मुलांना आमचं बायबल वाचू द्या एवढंच म्हटलं. चर्च जळली, माणसं मेली. ख्रिस्ती विरुद्ध ख्रिस्ती. अमेरिकेत कॅथलिकांनी पै पै जमवून स्वतःच्या शाळा काढल्या त्यामागे हे मोठं कारण आहे. दहा आज्ञांचंच घ्या. आमच्यात आणि बहुतेक प्रोटेस्टंटांत त्यांचे क्रमांकसुद्धा जुळत नाहीत. मूर्तीविषयीची आज्ञा त्यांच्याकडे वेगळी दुसरी आहे, आमच्याकडे ती पहिलीतच येते. भिंतीवर फलक लावताना एक बाजू घ्यावीच लागते.

माझ्या आजीनं मला बायबल शिकवलं, वसईच्या बोलीत, चुलीपाशी. ते कुठल्याही मंडळानं ८-७ नं मंजूर केलेलं नव्हतं. म्हणून मी त्या गृहस्थांना मत देणार नाही. ख्रिस्ती आहे म्हणूनच देणार नाही.

तिरपी रेघ
दंडवत.

ह्यूस्टनचा नाना
किनारपट्टी, तुमच्या प्रतिसादानं विचारात पाडलंय, कबूल. पण आता आपल्या लोकांचंही बोलू. २००५-०६ मध्ये कॅलिफोर्नियात सहावीच्या पुस्तकांतला हिंदू धर्माचा भाग बदलून घ्यायला आपलेच लोक राज्य मंडळापुढे गेले होते. तेव्हा तो ‘न्याय’ होता. गोऱ्या आजोबांनी तेच केलं की ‘कट्टरता’?

खारा वारा
नाना, त्या निवेदनावर माझी सही होती. बे एरियात राहते, थोरली तेव्हा सहावीत होती.

काही मागण्या रास्तच होत्या. ढोबळ चुका होत्या, थट्टेचा सूर होता, ते काढायलाच हवं होतं. पण त्याच गठ्ठ्यात आणखी एक बदल होता. पुस्तकात लिहिलं होतं की प्राचीन भारतात पुरुषांना स्त्रियांपेक्षा कितीतरी जास्त हक्क होते. त्याऐवजी घालायचं होतं की पुरुषांची कर्तव्यं आणि हक्क स्त्रियांहून वेगळे होते. जातीबद्दलचे उल्लेखही सौम्य करायचे होते. मी ते वाचलं नव्हतं. सही घेणाऱ्या काकूंनी "आपल्या धर्माची बदनामी थांबवायची" एवढंच सांगितलं. दलित संघटना विरोधात उभ्या राहिल्या तेव्हा मी मुळातून वाचलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या. मार्च २००६ मध्ये मंडळानं त्यातल्या बऱ्याच वादग्रस्त दुरुस्त्या फेटाळल्या. मला बरं वाटलं, आणि हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

तेव्हा नाना, तुमचा टोमणा बरोबर बसलाय. पण त्यातून निघतं काय? दोघांनीही करू नये, हे. दोघांनाही करू द्यावं, हे नव्हे.

ह्यूस्टनचा नाना
मग करावं कोणी? मास्तरांच्या समितीनं? फिरून आपण तिथेच.

जुना चष्मा
फिरून तिथेच नाही. २०१६ बघा. पूर्व टेक्सासात रॅटलिफची जागा रिकामी झाली. मेरी लू ब्रूनर, निवृत्त बालवाडी शिक्षिका, पहिल्या फेरीत ४८ टक्के मतं घेऊन पुढे. बायबलमधल्या महापुरात नोहाच्या तारवात डायनोसॉरची पिल्लं होती हे त्यांचं त्यातल्या त्यात सौम्य मत. ओबामांविषयी फेसबुकवर जे लिहिलं होतं ते इथे लिहीत नाही. पण त्यांना पाडलं ते डायनोसॉरनी नव्हे. शाळांच्या अधीक्षकांपुढे विशेष शिक्षणातल्या मुलांचे आकडे सांगितले ते साफ चुकीचे निघाले. मग पाठिंबा देणाऱ्या टी पार्टीवाल्या, म्हणजे कडव्या उजव्या, गटानंच हात काढून घेतला. दुसऱ्या फेरीत लफ्किनचे केव्हन एलिस जिंकले. तेही रिपब्लिकन, तेही चर्चला जाणारे, पण गावच्या शाळा मंडळाचे अध्यक्ष, शाळेचा जमाखर्च माहीत असलेले.

श्रद्धाळू माणूस नको असं कोणी म्हणत नाहीये. त्याला शाळेतलं काय कळतं, एवढं विचारा.

अक्कलदाढ
एलिस धंद्यानं मणके बसवणारे आहेत हे सांगायचं राहिलं. दंतवैद्य, पशुवैद्य, हाडवैद्य. या मंडळांवर एखादा भूगर्भशास्त्रज्ञ का जात नाही कोण जाणे.

बाराखडी मास्तर
पगार शून्य, म्हणून.

तोरण
सगळ्यांचे आभार, नानाभावजींचे जरा जास्तच. किनारपट्टींचा प्रश्न मी त्या गृहस्थांना फोन करून विचारला, पत्रकावर नंबर होता. कुणाचं बायबल? जरा थांबले. मग म्हणाले, "आमच्या चर्चमध्ये वाचतात ते." एका वाक्यात उत्तर मिळालं. चिडले नाहीत, मुलाची आठवणीनं चौकशी केली, त्याचं नावही लक्षात होतं.

काल मुदतपूर्व मतदानाला गेलो, वाचनालयात. टेबलामागच्या बाईंनी कुठल्या पक्षाची पत्रिका विचारलं. मी रिपब्लिकन म्हटलं, मागून नवऱ्यानंही तीच मागितली. मी दुसऱ्या उमेदवाराला दिलं, त्यानं पाढेवाल्यांना. दोघांनी मिळून पाऊण तास रांगेत उभं राहून एकमेकांची मतं खोडली.

ह्यूस्टनचा नाना
वहिनी, मग पोहे त्यांना द्यायचे राहिलेच की.