अमीन सायानींवर पंधरा मिनिटं बोलायचंय, 'बहनो और भाइयो'च्या पुढे काय सांगू?

डोंबिवलीची_लेक

नमस्कार मंडळी. बाबा आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाचे सभासद आहेत. तिथे दर महिन्याला एक कार्यक्रम असतो आणि यावेळचा विषय आहे गेल्या काही वर्षांत आपल्यातून गेलेली रेडिओ आणि दूरदर्शनवरची माणसं. प्रदीप भिडे (जून २०२२) आणि तबस्सुम (नोव्हेंबर २०२२) यांच्यावर संघातलेच दोन काका बोलणार आहेत. रेडिओ निवेदक अमीन सायानी माझ्या वाट्याला आले आहेत, कारण मी कॉलेजात निवेदन करायचे एवढंच.

२० फेब्रुवारी २०२४ ला ते गेले तेव्हाचे बहुतेक लेख मी वाचून काढले. सगळीकडे तेच: मखमली आवाज, बहनो और भाइयो, बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर हिंदी सिनेगीतांची बिनाका गीतमाला. समोर बसणाऱ्यांनी तर आयुष्यभर हे ऐकलंय. त्यांना मी नवीन काय सांगणार? शिवाय माझा जन्म १९८६ चा, म्हणजे गीतमाला माझ्या कानावर पडली ती तिच्या शेवटच्या काळात.

मुंबईत जन्मलेला, मुंबईतच राहिलेला माणूस सिलोनवरून, म्हणजे आजच्या श्रीलंकेवरून, का बोलत होता, हे बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "तेव्हा तसंच होतं." आणि नावं सांगून गाणी लावण्याखेरीज ते नेमकं करत काय होते? ज्यांनी तो काळ पाहिलाय त्यांनी कृपया लिहा.

सदाशिव_पेठी

सिलोनचं उत्तर सोपं आहे. १९५२ मध्ये डॉ. बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. सिनेमाचं संगीत हलकं, श्रोत्यांची अभिरुची बिघडवणारं, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. मोकळी झालेली जागा रेडिओ सिलोनने घेतली. दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटन यांच्या सैन्यासाठी तिथे एक जबरदस्त शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर उभारला होता. युद्धानंतर तो सिलोन सरकारच्या हाती आला आणि त्यावरून अख्ख्या भारतात ऐकू जायचं. जाहिरातींवर बंधन नव्हतं. सिबा कंपनीला बिनाका टूथपेस्ट खपवायची होती. ३ डिसेंबर १९५२ ला पहिली गीतमाला लागली. आकाशवाणी शहाणी झाली ती ३ ऑक्टोबर १९५७ ला, विविध भारती सुरू करून. जाहिराती यायला तर १९६७ उजाडलं.

सायानी बोलायला कोलंबोला जात नसत. ध्वनिमुद्रण मुंबईत व्हायचं आणि टेप विमानाने जायच्या.

भुसावळचा_रेडिओवाला

ताई, माझं भुसावळला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. वडिलांनी सुरू केलं, मी शाळेत असल्यापासून तिथे सोल्डरिंग धरून बसायचो. दुकानात सोमवार-मंगळवारी आलेला प्रत्येक गिऱ्हाईक एकच वाक्य बोलायचा: "बुधवारच्या आत द्या." रेल्वेतले लोक ड्यूटी बदलून घ्यायचे. त्यामुळे मी बोलतोय ते ऐकीव नाही.

सायानीसाहेबांबद्दल तुम्ही एकच गोष्ट सांगावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. मखमली आवाज, दैवी देणगी असं सगळे लिहून गेले. तो आवाज कमावलेला होता. आणि तो कसा कमावला याची हकीकत त्यांनी स्वतःच अनेक मुलाखतींत सांगितलेली आहे.

घर गुजराती वळणाचं, थोरले भाऊ हमीद सायानी इंग्रजीतले नावाजलेले निवेदक. हमीदभाईंच्या बोटाला धरून हे पोरवयातच आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर इंग्रजी कार्यक्रमांत गेले. पुढे ग्वाल्हेरच्या सिंदिया स्कूलमध्ये शिकून परत आले आणि हिंदी निवेदकाची चाचणी दिली. नापास! उच्चारात गुजराती आणि इंग्रजीची झाक आहे, असं कारण मिळालं. ताई, हे तुमच्या सभागृहात नक्की सांगा. ज्या माणसाचं हिंदी पुढे पन्नास वर्षं खेड्यापाड्यांनी ऐकलं, तो हिंदीच्या चाचणीत नापास झाला होता.

हमीदभाईंनी सल्ला दिला की, रेडिओ सिलोनच्या हिंदी कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण होतं तिथे जाऊन बस आणि नुसतं ऐक. ते व्हायचं सेंट झेवियर्स कॉलेजातल्या टेक्निकल इन्स्टिट्यूटच्या स्टुडिओत. अमीनभाई झेवियर्सचेच विद्यार्थी. 'ओव्हल्टीन फुलवारी' नावाचा कार्यक्रम होता, निर्माते बालगोविंद श्रीवास्तव. एके दिवशी जाहिरात वाचणारा आला नाही, तेव्हा समोर बसलेल्या श्रोत्यांतून त्यांनी या पोराला उठवलं. पहिल्यांदा तो ओरडूनच वाचायला लागला, मग त्याला आवाज खाली आणायला सांगितलं. मानधन काय? ओव्हल्टीनचा एक डबा.

दुसरी गोष्ट त्यांच्या आईची, कुलसुम सायानी यांची. त्या गांधीजींच्या मार्गदर्शनाखाली प्रौढ साक्षरतेचं काम करत आणि 'रहबर' नावाचं पाक्षिक चालवत. नवसाक्षरांसाठी सोपी हिंदुस्तानी भाषा, पण लिप्या तीन: नागरी, उर्दू, गुजराती. लहानपणी अमीनभाई त्या कामात आईला मदत करायचे. नुकतंच अक्षर ओळखायला लागलेल्या माणसाला कळेल असं लिहायचं, हा त्या पाक्षिकाचा नियमच होता. गीतमालेतलं त्यांचं कुठलंही निवेदन काढून बघा. जड संस्कृत नाही, जड फारसी नाही. ते वळण या पाक्षिकातून आलंय असं ते स्वतः सांगत. त्यांच्याबद्दलच्या लेखांत आईला एखादी ओळ मिळते, याचं मला फार वाईट वाटतं.

आता माझ्या धंद्यातलं. शॉर्टवेव्ह म्हणजे काय हे आजच्या पोरांना समजावणं कठीण आहे. सिलोनची लहर वरच्या वातावरणावर आपटून आपल्याकडे यायची आणि रात्र चढेल तसा तो थर हलायचा. त्यामुळे आवाज विहिरीतल्या रहाटाच्या पोहऱ्यासारखा वर यायचा, खाली जायचा. मागे शिट्टी, खरखर, मध्येच दुसऱ्या स्टेशनचा चिनी की रशियन बोल. घरोघर भिंतीच्या वर तांब्याच्या जाळीची पट्टी एरियल म्हणून ताणलेली असायची. पंचवीस मीटरच्या पट्ट्यावर स्टेशन पकडायचं, बिघडलं की एकेचाळीसवर जायचं. हिरवा डोळा, म्हणजे स्टेशन नीट लागलंय का ते दाखवणारा दिवा, असलेला सेट ज्याच्याकडे, तो डोळ्याची फट मिटेपर्यंत काटा अर्ध्या केसाने हलवत बसायचा.

अशा आवाजात बोलायचं असेल तर कसं बोललं पाहिजे? शब्द तोडून. वाक्य छोटं. महत्त्वाचं नाव दोनदा, गाण्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, म्हणजे एकदा लहरीने खाल्लं तरी दुसऱ्यांदा पोचेल. चढउतार मोठा, कारण सपाट आवाज खरखरीत विरून जातो. लोकांना त्यांचं बोलणं नाटकी वाटतं, नक्कल करणारे त्याचीच नक्कल करतात. दुकानात शेकडो सेट लावून ऐकलेला माणूस म्हणून सांगतो, इतर निवेदक गुळगुळीत बोलायचे आणि अर्धे बुडायचे. यांचा शब्द आणि शब्द वर तरंगायचा. एफएमवरच्या स्वच्छ आवाजात आज तोच ढंग जास्त वाटेल, पण तो एफएमसाठी घडलेलाच नव्हता.

काम काय करत होते, असं विचारलंत. गीतमालेत सुरुवातीला सगळंच. संहिता लिहायची, बोलायचं, आलेली पत्रं तपासायची, आठवड्याला पंचवीस रुपये. अनुभवी माणसं एवढ्या पैशात तयार होईनात म्हणून काम या विशीतल्या मुलाकडे आलं. गीतमालेचं पहिलं रूप पुढच्यासारखं उतरंडीचं नव्हतं. सात गाणी उलटसुलट लावायची, श्रोत्यांनी ती सालाप्रमाणे लावून पाठवायची, बक्षीस शंभर रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली. वर्षभरात आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला. ती तपासणं माणसाच्या आवाक्याबाहेर गेलं, म्हणून स्पर्धा बंद करून लोकप्रियतेच्या क्रमाने गाणी लावायचं ठरलं. एका अडचणीतून ती पायदानं, म्हणजे गाण्यांचे क्रमांक, आली.

बाकीचं थोडक्यात. १९७५ मध्ये हमीदभाई गेल्यावर बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट यांनीच पुढे चालवली. 'भूत बंगला' आणि 'तीन देवियाँ'सारख्या सिनेमांत निवेदक म्हणून दिसले. २००९ मध्ये पद्मश्री. कार्यक्रमांचा आकडा चोपन्न हजार सांगतात. पण तुमच्या पंधरा मिनिटांत हे सगळं कोंबू नका.

अमरावतीची_मावशी

रेडिओवाले भाऊ, छान लिहिलंत. मी दुसरी बाजू सांगते, पत्रं पाठवणाऱ्यांची.

गाण्यांचा क्रम निव्वळ रेकॉर्डच्या खपावर ठरत नव्हता. गावोगावी रेडिओ श्रोता संघ होते, त्यांची पसंतीही धरली जायची. माझा मोठा भाऊ असा एक संघ चालवायचा. रबरी शिक्का होता, अध्यक्ष-सचिव होते, आणि दर आठवड्याला आमच्या ओसरीवर कडाक्याची भांडणं व्हायची. मुली सभासद नव्हत्या. मी आतून चहा आणून द्यायची आणि उभ्या उभ्या माझं मत सांगून टाकायची. लताबाईंच्या गाण्यासाठी तर मी एकदा भावाशी दोन दिवस अबोला धरला. मग मीच पोस्टकार्ड घेऊन स्वतःच्या नावाने लिहायला लागले. घराबाहेरच्या कुणाला मी लिहिलेली ती पहिली पत्रं.

झुमरी तलैयाचं नाव सगळे हसून घेतात. तेव्हाच्या बिहारमधलं अभ्रकाच्या खाणींचं ते गाव. पण मला कधी हसू आलं नाही. ज्या गावाला कोणी विचारत नव्हतं, त्याचं नाव देशभर ऐकू गेलं ते पोस्टकार्डाच्या जोरावर. लेकी, तुझ्यासमोर बसलेल्या बायकांना विचार, कुणी पत्र लिहिलं होतं का म्हणून. हात वर होतील बघ. मग त्यांनाच बोलू दे.

सदाशिव_पेठी

मावशी, सुंदर. एक नोंद करतो, कारण या विषयात केसकरांना खलनायक करून लोक मोकळे होतात. ते आपल्या पुण्याचे. चित्रपटगीतांबाबत त्यांचं धोरण मलाही पटत नाही, लोकांच्या आवडीशी भांडून सरकारी रेडिओ जिंकू शकत नाही. पण संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला आणि कितीतरी गवई-वादक घरोघरी पोचले. पुणे केंद्रावरून १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर गीतरामायण लागलं तेही त्याच काळात, बुधवारच्या रात्री नाही पण तितक्याच भक्तीने ऐकलेलं. माझ्या आजीच्या घरात दोन्ही चालायचं.

आणि डोंबिवलीकर ताई, तुमच्या यादीत बाळ कुडतरकर घ्याच. २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या धामधुमीत गेले आणि धड कुणाला कळलंही नाही. मुंबई केंद्रावरच्या 'पुन्हा प्रपंच' या कौटुंबिक श्रुतिकेतले पंत. त्यातलेच टेकाडे भावजी आणि मीनावहिनी म्हटलं की तुमच्या सभागृहातले अर्धे लोक खुर्चीत सरसावून बसतील. मराठी संघात मराठी रेडिओचा माणूस राहून जायला नको.

डोंबिवलीची_लेक

खरंच खूप आभार सगळ्यांचे. रेडिओवाले काका, तुमचं लिहिलेलं बाबांना वाचून दाखवलं. रहाटाचा पोहरा ऐकून त्यांनी डोळे मिटून मान हलवली आणि सांगितलं की चाळीत एरियलची जाळी दोन बिऱ्हाडांनी मिळून लावली होती, त्यावरून वाद व्हायचा.

आता मी असं ठरवलंय: नापास झालेली चाचणी, ओव्हल्टीनचा डबा, आई आणि रहबर, एवढंच बोलायचं. मग मावशींनी सुचवल्याप्रमाणे श्रोत्यांना पत्रांचं विचारायचं. कुडतरकरांसाठी वेळ मागून घेतला आहे, बाबाच बोलतील.

अजून एक विचारते. गीतमालेचे जुने तुकडे लावायचे आहेत. मागच्या कार्यक्रमात गाणी लावली तेव्हा मागच्या रांगेतल्या आजी-आजोबांना शब्दच कळत नव्हते, नुसता गोंगाट. काय करू?

भुसावळचा_रेडिओवाला

आवाज वाढवू नका, त्याने गोंगाटच वाढतो. म्हातारपणी आधी कान जातो तो बारीक आवाजाचा, म्हणजे स, श, त, प या अक्षरांचा. म्हणून बेस पूर्ण खाली आणा आणि ट्रेबल थोडा वर ठेवा. स्टेजवर दोन मोठे स्पीकर लावण्यापेक्षा चार लहान घ्या, दोन पुढे आणि दोन सभागृहाच्या मधोमध, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. पंखे शक्य तेवढे बंद. खिडक्यांना पडदे नसतील तर सतरंज्या टांगा, भिंतीवरून येणारा पडसाद कमी होईल.

तुकडा दोन मिनिटांच्या वर नको, आणि गाणं सुरू झालं की हळूहळू कमी करा. गाणं सगळ्यांना पाठ आहे, निवेदन ऐकवा. कुणीतरी नक्कल करायला उभं राहील, त्याला कार्यक्रमाच्या शेवटी वेळ द्या. आणि आदल्या दिवशी रिकाम्या सभागृहात बाबांना शेवटच्या रांगेत बसवून एकदा लावून बघा. त्यांना प्रत्येक शब्द कळला की आवाजाच्या बटणापाशी पेन्सिलीने खूण करून ठेवा.