पहारेकऱ्याने ‘वर जाऊ नका’ म्हटले, आणि खेळाडू खरोखरच गेले नाहीत

अंधारयात्री (धागाकर्ता):
‘डिसऑनर्ड’ हा स्टेल्थ (पहारेकऱ्यांच्या नजरेआड लपतछपत खेळायचा) गेम २०१२ मध्ये येण्यापूर्वी लेडी बॉयलच्या मेजवानीच्या मोहिमेची प्लेटेस्ट (खेळाडूंकडून खेळवून घेण्याची चाचणी) झाली, तेव्हा खेळाडू वाड्यात नुसते हिंडत राहिले आणि वरच्या मजल्यावर जायला मनाई आहे असे पहारेकऱ्याने बजावताच निमूट मागे फिरले, असे तो गेम बनवणाऱ्या आर्केन स्टुडिओच्या मंडळींनीच सांगितले होते. त्यानंतर वाट सुचवणारे इशारे वाढवण्यात आले. माझ्या मते तो अभिप्राय चुकीचा वाचला गेला. मुखवटे घातलेल्या तीन बहिणींपैकी आपले लक्ष्य (जिचा काटा काढायचा ती) कोणती, हे दर खेळात बदलते आणि पाहुण्यांशी बोलून, वरच्या खोल्या धुंडाळून ताडायचे असते. तेव्हा गोंधळणे हाच त्या मोहिमेचा गाभा आहे.

दिवाबत्ती:
आपले म्हणणे मला पटत नाही. आज्ञा पाळणारा खेळाडू आळशी नव्हता. ‘जाऊ नका’ म्हणजे ‘तिथे काही नाही’, हे त्याला आधीच्या कितीतरी गेमनी शिकवलेले होते. स्टेल्थमध्ये तर आपण पहारेकऱ्याला दिसतो आहोत की नाही, हेही पडद्यावरून नेमके उमगत नाही. म्हणूनच १९९८ च्या ‘थीफ’मध्ये आपल्यावर किती उजेड पडतो ते सांगणारा खडा पडद्याच्या तळाशी आला, आणि २०१२ च्याच ‘मार्क ऑफ द निंजा’ने आवाज कुठवर पोहोचेल याची वर्तुळे चक्क काढून दाखवली. त्या वर्तुळांमुळे पकडले गेल्यावर पहारेकऱ्याला बोल लावण्याची सोय उरत नाही, आणि मला तरी तेच हवे असते.

अंधारयात्री:
खडा आणि वर्तुळे परिस्थिती सांगतात, निर्णय माझ्यावर सोडतात. लक्ष्याच्या डोक्यावर तरंगणारी खूण मात्र थेट उत्तर सांगते. (ती सेटिंगमध्ये बंद करता येते, हे मान्य, पण किती जण तिथवर जातात?)

पाऊलवाट:
एका छोट्या गेमच्या चाचणीला मी खेळाडूंच्या मागे बसून टिपणे घेतली आहेत. पहारेकऱ्यांना फार लांबचे दिसते, त्यांची नजर कमी करा, असे खेळाडूंनी लेखी कळवले. प्रत्यक्षात खेळाडू लोखंडी जाळीवरून धावत होते आणि पहारेकरी आवाजाने वळत होते. आम्ही नजरेला हात न लावता पावलांचा आवाज मोठा केला आणि तक्रार थांबली. खेळाडू कुठे अडला ते खरे मानावे. त्याने सुचवलेला उपाय मानलाच पाहिजे असे नाही.

अंधारयात्री:
मग माझी हरकत उपायापुरतीच आहे. वरच्या दालनांबद्दलची कुजबूज एखाद्या पाहुण्याच्या तोंडी घातली असती, तर मी हा धागा काढलाच नसता.

दिवाबत्ती:
कोणती बहीण कोणत्या रंगाच्या पोशाखात आहे, याबद्दल पाहुणे त्या मोहिमेत बोलतातच. खुणा बंद करून ती पुन्हा एकदा खेळावी, ही विनंती.