मलावीतला दिवस: रांग, वही आणि दंडाची पट्टी

आफ्रिकेतल्या स्वयंसेवक डॉक्टरचा दिवस शस्त्रक्रियांच्या धावपळीत जातो, असे अनेकदा म्हटले जाते. मलावीच्या ग्रामीण भागातला माझा अनुभव बराच निराळा, खरे तर बराच संथ आहे. पावसाळ्यात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल या काळात, तापाने फणफणलेली मुले चितेंजे नावाच्या रंगीत कापडाने पाठीशी बांधून आलेल्या बायांची रांग उजाडण्यापूर्वीच दवाखान्याच्या व्हरांड्यात लागलेली असे. तिथे आरोग्याच्या नोंदींची वही रुग्ण स्वतःजवळच बाळगतो. ती पावसात भिजून शाई पसरली असली, की मागच्या खेपेचे औषध आईच्या आठवणीवरूनच ठरवावे लागे.

बोटातून थेंबभर रक्त घेऊन मलेरियाची चाचणी लावायची आणि निकालाला १५-२० मिनिटे लागतात तोवर पुढच्या मुलाच्या दंडाला मापाची पट्टी गुंडाळायची, हे दुपारपर्यंत अखंड चाले. ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, म्हणजे तीव्र कुपोषण. अशा मुलांना शेंगदाण्याच्या लगद्याची पाकिटे देत असू. एका पाकिटात सुमारे ५०० कॅलरी. घरी गेल्यावर ती सगळ्या भावंडांत वाटली जातात, हे ठाऊक नसताना वजन वाढत नाही म्हणून मी एका आईवर रागावलो होतो, त्याची अजून लाज वाटते.

संध्याकाळी रुग्णांचे नातेवाईक आवारात चुली मांडून मक्याच्या पिठाची न्सिमा शिजवत. माझी मोडकीतोडकी चिचेवा, म्हणजे तिथली भाषा, तिथेच, त्यांच्या हसण्यात सुधारली.