पाळी गेली म्हणून ‘ड’ गेलं? मला नाही पटत

चौथा मजला (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात आमच्या अंधेरीच्या सोसायटीत एका लॅबने शिबिर ठेवलं. ‘चाळिशीपुढच्या महिलांसाठी खास पॅकेज.’ मी ५२ ची, पाळी जाऊन तीन वर्षं झाली. लेक २६ ची. तिला त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून तिचंही रक्त देऊन टाकलं. माझं ड जीवनसत्त्व आलं १९, लेकीचं ११. (मिलीलिटरमागे नॅनोग्रॅममध्ये. २० च्या खाली म्हणजे कमतरता, असं रिपोर्टवर छापलेलं.)

माझा कागद हातात देताना तो मुलगा म्हणाला, “मॅडम, मेनोपॉजनंतर होतंच असं.” मी म्हटलं, मग हिचं काय? तो हसला आणि पुढचं नाव पुकारलं.

तेव्हापासून डोक्यात हेच आहे. पन्नाशीच्या बाईचं काहीही दुखलं की खापर रजोनिवृत्तीवर. गुडघा दुखला, मेनोपॉज. चिडली, मेनोपॉज. आता ऊन न मिळाल्याचंही तेच कारण? लेक सकाळी आठच्या लोकलने निघते, दिवसभर बीकेसीतल्या ऑफिसात एसीत, परत येते तेव्हा अंधार. रविवारी झोप काढते. मी निदान अकरा-साडेअकराला भाजीला जाते, उन्हाळ्यात गॅलरीत कुरडया घालते. माझा आकडा तिच्यापेक्षा बरा आहे तो माझ्या हॉर्मोनमुळे नव्हे, माझ्या पिशवीमुळे.

म्हणून माझं मत: हा पन्नाशीचा प्रश्नच नाही. तो विशीत सुरू होतो, आणि आपण तीस वर्षं उशिरा शिबिरं भरवतो. पटतं का? औषधाचा सल्ला नको, तो डॉक्टरांकडून घेतलाय.

तिरफळ

अर्धं पटलं, अर्धं अजिबात नाही. ताई, तुम्ही दोन आकडे शेजारी ठेवलेत. दोन सांगाडे ठेवा.

हाड म्हणजे एकदा बांधून झालेली इमारत नाही. तिथे कायम दोन टोळ्या कामावर असतात, एक जुनं तोडणारी आणि एक नवं बांधणारी. इस्ट्रोजेन, म्हणजे पाळीशी निगडित हॉर्मोन, हा तोडणाऱ्या टोळीवरचा मुकादम. पाळी गेली की मुकादम कायमचा रजेवर. पहिली पाच-सात वर्षं तोडफोड सगळ्यात जोरात चालते. त्यात ड कमी असेल तर आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. रक्तातलं कॅल्शियम घसरू नये म्हणून गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं हॉर्मोन वाढतं आणि ते कॅल्शियम हाडांतूनच उचलतं. म्हणजे तोडणाऱ्यांना वरून आणखी माणसं.

लेकीच्या ११ ला आज मुकादम हजर आहे. तुमच्या १९ ला नाही. लॅबवाल्याने कारण चुकीचं सांगितलं असेल, पण काळजी बरोबर वयाची केली.

कोवळं ऊन

माझं वय ७१. गिरगावातल्या चाळीत वाढलो. आई, काकू, आजी, कोणाचंही हे ड-बिड कधी तपासलं नाही. सकाळी सातचं कोवळं ऊन अंगावर, पोरांना तेल लावून उन्हात ठेवायचं, झालं. आज सगळं पाकिटातून पाहिजे. मी अजून रोज सहाला शिवाजी पार्कला तीन फेऱ्या मारतो. हीलाही आणतो.

गच्चीची किल्ली

काका, फेऱ्या मारा, हृदयाला चांगल्या. पण ड साठी तुमचं कोवळं ऊन जवळजवळ निरुपयोगी. त्वचेत ड बनतं ते उन्हातल्या यूव्हीबी (अतिनील) किरणांमुळे, आणि सूर्य खाली असताना ते हवेच्या जाड थरातच अडकतात. साधी खूण सांगते: आपली सावली आपल्यापेक्षा लांब असेल तर फारसं काही बनत नाही, आखूड असेल तर बनतं. मुंबई १९ अक्षांशावर आहे. इथे डिसेंबरातल्या सगळ्यात लहान दिवशीसुद्धा साडेबाराच्या आसपास सावली आपल्या उंचीपेक्षा किंचित आखूडच असते, आणि मेच्या मध्यावर तर पायाखालीच गायब होते. लंडनच्या बायकांना हिवाळ्यात हे नशिबी नाही. आपल्याला बारा महिने आहे (पावसाळ्यातले ढग सोडून), आणि आपण नेमक्या त्याच वेळी पडदे ओढतो.

काचेतून आलेलं ऊनही चालत नाही, काच यूव्हीबी अडवते. त्यामुळे लोकलची खिडकी, ऑफिसची भिंतभर काच, बंद केलेली बाल्कनी, सगळं बाद.

आणि राहता राहिली गच्ची. तिला कुलूप. किल्ली सेक्रेटरीकडे. कारण ‘सुरक्षितता’. आमच्या २२ मजल्यांत एकाही बाईला उन्हात बसायला हक्काची जागा नाही, खाली पार्किंग, पोडियमवर दुसऱ्या विंगची सावली. यावर कोण शिबिर भरवणार?

निर्विकार

धागा वाचून गंमत वाटली. निरोगी माणसाने हा आकडा काढायचाच कशाला?

एंडोक्राइन सोसायटी नावाची अमेरिकन संस्था आहे. २०११ मध्ये तिनेच सांगितलं होतं की ३० च्या वर असलं पाहिजे. जगभरच्या लॅबनी तो ३० रिपोर्टवर छापला. २०२४ मध्ये त्याच संस्थेने तो ३० चा आग्रह सोडला, आणि निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी नको, ५० ते ७४ वयात रोजच्या शिफारशीपेक्षा जास्त ड सरसकट नको, असं सुचवलं. मोठ्यांत निव्वळ वयावरून सरसकट द्यायचं ते पंचाहत्तरीनंतर.

पाळी गेलेल्या ३६ हजारांहून जास्त बायकांवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, २००६ मध्ये निष्कर्ष आले. कॅल्शियम आणि ड च्या गोळ्यांनी खुब्याची घनता थोडी सुधारली, खुब्याचं हाड मोडणं ठळकपणे कमी झालं नाही, मूतखडे मात्र वाढले. २०२२ चा ‘व्हायटल’ हा ड च्या गोळ्यांचा अभ्यास घ्या: जवळपास २६ हजार माणसं, रोज २००० युनिट, फ्रॅक्चरमध्ये फरक शून्य. मग पॅकेज कोणाच्या हाडांसाठी आहे? लॅबच्या.

चौथा मजला

@निर्विकार, टाळ्या! नेमकं हेच मला म्हणायचं होतं.

@तिरफळ, मुकादम आवडला. पण मग पाळी गेली म्हणून *ड* कमी होतं हे तरी खोटं ना?

तिरफळ

टाळ्या थोड्या थांबवा. ‘व्हायटल’मध्ये गोळी सुरू करण्याआधीच लोकांची सरासरी ३० च्या आसपास होती. भरल्या माठात पाणी ओतलं तर ते सांडणारच. तुमच्या घरात ११ आणि १९ आहे. त्या अभ्यासावरून ‘कमतरता असलेल्यांनाही उपयोग नाही’ असं निघत नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: बरंचसं खोटं. त्वचेतला जो कच्चा माल उन्हात ड बनतो तो वयाबरोबर घटतो, सत्तरीत विशीच्या निम्म्यावर येतो. पण तो पुरुषांचाही घटतो, त्यांची कुठली पाळी गेली? दुसरं, या वयात पोटावर चरबी चढते आणि ड चरबीत मुरून बसतं, रक्तात कमी दिसतं. इस्ट्रोजेनचा आकड्याशी थोडा संबंध आहे. ते रक्तात ड वाहून नेणारं प्रथिन वाढवतं, म्हणून गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या मुलींचा आकडा जरा वर दिसतो. पण हे सगळं एकत्र करूनही बीकेसीच्या एसीपुढे लहान आहे.

निर्विकार

भरल्या माठाचा मुद्दा मान्य. पण २०२४ च्या मंडळींनी गडद वर्णाच्या लोकांचा वेगळा विचार केला होता. त्यांच्यासाठीही सरसकट तपासणी सुचवलेली नाही, कारण तपासून फायदा होतो असा पुरावा मिळाला नाही.

तिरफळ

पुरावा मिळाला नाही कारण अंधेरीच्या ११ वाल्या मुलींवर तसा मोठा अभ्यास कोणी केलाच नाही.

लालबागची सून

तुम्ही दोघे भांडा, मी वेगळंच सांगते. माझ्या सासूबाईंना ड ची ६०,००० युनिटची पुडी लिहून दिली होती. आठवड्याला एक, आठ आठवडे. केमिस्टकडच्या मुलाने पाकिटावर काहीतरी खरडलं, त्यांनी वाचलं ‘रोज एक’. दुधात घालून, श्रद्धेने. मग कोणाला सांगायला नको म्हणून स्वतःच दोनदा परत आणल्या. काही महिन्यांनी उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी लघवी, बोलणं भरकटलेलं. आम्हाला वाटलं विस्मरण सुरू झालं. रक्तात कॅल्शियम भयंकर वाढलेलं निघालं. दहा दिवस ॲडमिट.

पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं जास्त झाली तर बरीचशी लघवीवाटे जातात, हे जात नाही, साठतं. ‘व्हिटॅमिनच तर आहे’ म्हणून भिशीत एकमेकींना पुड्या वाटणाऱ्या बायका मी पाहिल्यात. त्यामुळे निर्विकारदादांची भाषा चढेल असली तरी मी त्यांच्या बाजूने.

निर्विकार

धन्यवाद. चढेलबद्दल नाही, उरलेल्याबद्दल.

बोंबील फ्राय

खाण्याचं कोणीच बोललं नाही? तारली आणि बांगडा खा, ड असतं. अंड्याच्या पिवळ्यात थोडं. आमच्या घरी आई पन्नाशीला आली आणि गुरुवार, शनिवार, संकष्टी, श्रावण करत करत मासे जवळजवळ सोडूनच बसली. नेमकं नको त्या वयात.

चौथा मजला

आम्ही शाकाहारी. नाचणी खाते रोज.

तिरफळ

नाचणी उत्तम, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. पन्नाशीनंतर बाईला दिवसाला १२०० लागतं असं धरतात, म्हणजे दूध-दही-तीळ हवेतच. पण नाचणीत ड नाही. साध्या दुधातही नगण्यच. पिशवीवर निळं ‘+एफ’ चिन्ह असेल तर त्यात घातलेलं असतं, काही तेलांतही.

रात्रपाळी

मी नर्स, वय ४४. पाळी कधी दीड महिन्याने, कधी वीस दिवसांनी, म्हणजे ना अलीकडे ना पलीकडे. महिन्यातले पंधरा दिवस दिवसा झोपते. तुमच्या वादात मी कुठे बसते?

तिरफळ

तुम्हीच खऱ्या महत्त्वाच्या जागी बसलाय. हाडांचं भांडवल तिशीपर्यंत जमा होतं, नंतर ते फक्त सांभाळायचं असतं. मोठा खर्च सुरू व्हायच्या आधीची ही शेवटची काही वर्षं. वजन उचलायचे व्यायाम सुरू करा, आणि ड्यूटी संपल्यावर दुपारचं ऊन गाठता येईल असा एखादा दिवस काढा.

गच्चीची किल्ली

किल्ली मिळाली तर.

चौथा मजला

बरं. धागा सुरू केला तेव्हापेक्षा जरा मागे सरकतेय. आकडा कमी का, याचं उत्तर ऊन, हे मी सोडत नाही. पण तोच आकडा २६ ला आणि ५२ ला वेगळी किंमत वसूल करतो, हे तिरफळ यांचं म्हणणं मी टाळत होते. लेकीला सांगितलं, दीडला डबा खायला खाली उतर, बाह्या वर कर, वीस मिनिटं. म्हणाली, “बीकेसीत भर उन्हात डबा? लोक विचारतील नोकरी गेली का.”

तिरफळ

ताई, एक विचारू? घरात कोणाचं हाड मोडलंय? आईचं, मावशीचं?

चौथा मजला

आईचं. ६८ व्या वर्षी, बाथरूममध्ये. खुबा. नंतर ती अंथरुणातून नीट उठलीच नाही. हे मी वर मुद्दामच लिहिलं नव्हतं.

तिरफळ

मग १९ आणि ११ बाजूला ठेवा. डॉक्टरांना हे सांगा आणि डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करू का, ते विचारा. शिबिरात टाचेला यंत्र लावून सांगतात ती नव्हे. कण्याची आणि खुब्याची. डेक्साला ड चा आकडा लागत नाही, आईचा खुबा पुरेसा आहे.

चौथा मजला

सोमवारी फोन करते.